चार नद्या आणि एक चौपाटी : मुंबई उपनगरांतील रस्त्यावरच्या खाण्याची सांस्कृतिक समीक्षा

प्रस्तावना

मराठीत ‘चौपाटी’ या शब्दाच्या अर्थात गेल्या काही दशकांत मोठा बदल झाला आहे. मुळात हे गिरगावच्या समुद्रकिनाऱ्याचे नाव. पाण्याचे चार पाट जेथे समुद्राला मिळत ती जागा, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. हेच नाव पुढे उपनगरातील जुहूच्या किनाऱ्याला मिळाले. तेथून ते कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठी गेले, पुण्यात सारसबागेशेजारच्या खाद्यपदार्थांच्या रांगेलाही चिकटले. आज एखाद्या तालुक्याच्या गावी मैदानाच्या कडेला भेळ, पाणीपुरी आणि पावभाजीच्या चार गाड्या लागल्या, की त्या जागेला लोक सहजपणे चौपाटी म्हणू लागतात. शब्दातील पाणी आटले आणि खाणे तेवढे उरले. भाषेत घडलेल्या या बदलाला नागर जीवनाचा एक इतिहास आहे.

मुंबईच्या उपनगरांत हा इतिहास विशेष ठळकपणे दिसतो. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी अशा चार नद्या या भागातून वाहतात. तरीही त्यांपैकी एकीच्याही काठी संध्याकाळी कुटुंबासह जाऊन भेळ खावी, अशी रूढ जागा नाही. याउलट अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या स्थानकांबाहेर आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत रस्त्यावरचे खाणे अखंड चालू असते. नदी असून काठ नाही आणि काठ नसताना चौपाटी आहे, अशी ही स्थिती आहे. प्रस्तुत लेखात या खाण्याकडे एक सांस्कृतिक संहिता म्हणून पाहिले आहे. तिचा आस्वाद कशात आहे, मराठी परंपरेत तिची मुळे कोठे सापडतात, साहित्याने तिची दखल कशी घेतली आणि नदीकाठ सुशोभित करण्याच्या आजच्या योजनांत तिला स्थान उरते काय, या प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

नदीकडून नाल्याकडे

दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि बोरिवली-दहिसर भागातून खाडीकडे जाते. पोईसरचा उगमही याच उद्यानातील डोंगरात होतो. ओशिवरा आरे वसाहतीच्या बाजूने निघून गोरेगावमार्गे मालाडच्या खाडीला मिळते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून आकारास येणारी मिठी सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीत विसर्जित होते. या चारही नद्यांच्या उगमाकडील भागात अजूनही झाडी आणि खडक आहेत. मात्र वस्तीत शिरताच सांडपाणी, कारखान्यांतील टाकाऊ द्रव आणि कचरा यांनी त्यांचे रूप पालटते. या नद्यांकाठी राहणाऱ्या असंख्य रहिवाशांच्या बोलण्यात त्या ‘नाला’ म्हणूनच येतात. नदीला नाला म्हटले, की तिच्याकडे पाठ करून घर बांधण्यास संकोच वाटत नाही. खिडक्या रस्त्याकडे उघडतात आणि मोऱ्या नदीकडे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीने आपण नदी असल्याचे शहराला भीषण रीतीने जाणवून दिले. या आपत्तीनंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, पात्राचे रुंदीकरण आणि खोलीकरण हाती घेण्यात आले. पुरापासून संरक्षण ही त्यामागील गरज नाकारता येणार नाही. परंतु या कामांतून नदीच्या दोन्ही बाजूंस संरक्षक भिंती उभ्या राहिल्या आणि काठ ही कल्पनाच नाहीशी झाली. काठ म्हणजे जमीन आणि पाणी यांच्यामधील उतरती, बसता येण्याजोगी जागा. भिंतीला काठ नसतो, तिला फक्त दोन बाजू असतात.

पूर्व उपनगरांची कथा थोडी वेगळी आहे. मुलुंड, घाटकोपर या भागांना ठाणे खाडीचा शेजार लाभला आहे. पण वस्ती आणि खाडी यांच्यामध्ये द्रुतगती महामार्ग, मिठागरे आणि खारफुटी यांचा पट्टा आहे. खारफुटीचे रक्षण आवश्यकच आहे. तथापि, परिणाम असा, की बहुसंख्य रहिवाशांना पाणी जवळ असूनही दिसत नाही. अशा रीतीने पश्चिमेकडील जुहूसारखे किनारे वगळता उपनगरी माणसाची संध्याकाळ पाण्यापासून तुटली आणि ती स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर येऊन थांबली.

वाळवंटातील काला

नदीकाठी, अनोळखी माणसांच्या सोबतीने, उघड्यावर खाणे ही गोष्ट मराठी परंपरेला परकी नाही. पंढरीच्या वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपूर येथील गोपाळकाल्याने होते. लाह्या, पोहे, दही, लोणचे असे ज्याच्याजवळ जे असेल ते एकत्र करायचे आणि एकमेकांच्या मुखी घालायचे, हे काल्याचे स्वरूप आहे. कोणाच्या शिदोरीतील काय आहे हे ओळखू येऊ नये, यातच त्याचा अर्थ सामावलेला आहे. चंद्रभागेचे वाळवंट ही मराठी मनाने कल्पिलेली समतेची भूमी आहे आणि तिची खूण एका मिश्र खाद्याने दिली जाते, हे लक्षणीय होय.

‘भेळ’ या शब्दाचा अर्थही मिश्रण असाच आहे. कुरमुरे, शेव, कांदा, उकडलेला बटाटा, चिंचगुळाची आंबटगोड चटणी आणि हिरवी तिखट चटणी यांतील एकही घटक एकट्याने भेळ होत नाही. काला आणि भेळ यांच्यात सरळ वंशसंबंध जोडण्याचा मोह टाळावयास हवा, कारण तसा ऐतिहासिक पुरावा दाखवणे कठीण आहे. आणि एक धार्मिक विधी असून दुसरा निव्वळ व्यवहार आहे. परंतु रचनेचे साम्य अर्थपूर्ण आहे. दोन्हींत भाजलेले, फुललेले, हलके धान्य पायाभूत असते, दोन्ही त्याच क्षणी कालवले जातात आणि दोन्ही पंगतीची शिस्त मोडतात. पंगतीत कोण कोणाशेजारी बसेल हे आधी ठरलेले असते. काल्यात आणि भेळेच्या गाडीभोवती ते ठरवता येत नाही.

मात्र वाळवंटातील या समतेची मर्यादाही विसरता येत नाही. ज्या नगरीच्या वाळवंटात काला वाटला जात होता, तेथील मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतरच उघडले. काठावरची समता देवळाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यास शतके लागली. रस्त्यावरच्या खाण्याने माणसे एकत्र येतात, असे विधान करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने हा अनुभव समोर ठेवणे आवश्यक आहे.

उभ्याने खाण्याचा सामाजिक अर्थ

कोणी, कोणासोबत आणि कोणाच्या हातचे खावे, हा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील कळीचा प्रश्न राहिला आहे. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या व्यक्तींवर ग्रामण्याचे संकट ओढवले आणि प्रायश्चित्ताचा वाद माजला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, त्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला आणि तेथील अन्न मातीत मिसळण्यात आले. पाण्याचा काठ आणि अन्नाची पंगत ही दोन्ही सार्वजनिक हक्काची ठिकाणे आहेत, हे हल्लेखोरांनीही ओळखले होते, असेच म्हणावे लागते.

या पार्श्वभूमीवर वडापावचा विचार केल्यास त्याचे महत्त्व केवळ चवीपुरते उरत नाही. पाव हा पोर्तुगीज संपर्कातून आलेला पदार्थ. बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून त्याच मार्गाने आलेली. पावाला बाटवणारे अन्न मानण्याचा काळ फार जुना नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव यांची जोडी लोकप्रिय केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या अनेक कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. ज्या पदार्थाने कामगाराची भूक भागवली, त्यानेच पुढे त्याला उपजीविका दिली. २००१ साली मालाड येथे सुरू झालेल्या जम्बोकिंगने याच पदार्थाला साखळी दुकानांचे रूप दिले. स्थानकाबाहेरची गाडी ते साखळी दुकान हा प्रवास उपनगरांनी साडेतीन दशकांत पाहिला.

उपनगरी खाण्याचे वेळापत्रक लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेले असते. सकाळी इडली-मेदुवडा, दुपारी पाव आणि भजी, संध्याकाळी वडापाव, सँडविच, पाणीपुरी, रात्री पावभाजी आणि भुर्जीपाव असा क्रम जवळपास प्रत्येक स्थानकाबाहेर आढळतो. ताट, पाट आणि वेळ या घरच्या जेवणाच्या तीनही अटी येथे गळून पडतात. कार्यालयातील अधिकारी, शिकवणीहून परतणारा विद्यार्थी, रिक्षाचालक आणि बांधकामावरचा मजूर एकाच कढईतील वडा खातात. कोणी कोणाची जात विचारत नाही आणि विचारण्यास वेळही नसतो. ही समता विचारपूर्वक स्वीकारलेली नसून घाईने लादलेली आहे, असा आक्षेप घेता येईल. तो काही अंशी खराही आहे. परंतु जी गोष्ट उपदेशाने साधली नाही ती सवयीने साधली असेल, तर तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही ही समता सर्वत्र सारखी नाही. घाटकोपर पूर्वेची खाऊगल्ली नाना प्रकारच्या डोशांसाठी आणि शाकाहारी चटकदार पदार्थांसाठी प्रसिद्ध आहे. खाऊगल्ली ज्या वस्तीत असते त्या वस्तीच्या आहारनियमांची छाप तिच्यावर पडते. या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या कोळी समाजाचे शिजवलेले अन्न, म्हणजे तळलेले बोंबील, कोळंबी, सुकट, खाऊगल्ल्यांत क्वचितच दिसते. कोळीण मासळीबाजारात दिसते, चाटच्या गल्लीत नाही. त्यासाठी वेसाव्यातील कोळी खाद्यमहोत्सवाची वाट पाहावी लागते. मिठीच्या मुखाशी माहीम कोळीवाड्यात २०२३ मध्ये महानगरपालिकेच्या पुढाकाराने महिला बचत गटांचे सी-फूड प्लाझा सुरू झाले, ही या दृष्टीने दखलपात्र घटना आहे. पाण्याशी ज्यांचे नाते सर्वांत जुने, त्यांचे अन्न पाण्याकाठी परतण्यास इतका काळ लागावा, यातच खाद्यसंस्कृतीतील अदृश्य भिंती दिसून येतात.

साहित्यातील खाणारा आणि विकणारा

मराठी साहित्याने खाण्याविषयी प्रेमाने लिहिले आहे. या लेखनाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख. पु. लं.चे बालपण जोगेश्वरी आणि विलेपार्ले येथे, म्हणजे उपनगरातच गेले. मराठी मध्यमवर्गाला खाण्याविषयी मोकळेपणाने आणि अपराधभाव न बाळगता बोलण्याची भाषा त्यांनी दिली, हे त्यांचे ऋण मान्य करावयास हवे. परंतु लेखाच्या शीर्षकातील ‘माझे’ हा शब्दच त्याची दृष्टी निश्चित करतो. तेथे खाणारा केंद्रस्थानी आहे. ज्याची जीभ, ज्याची आठवण, त्याचाच निवाडा. त्यांच्याच ‘पानवाला’ या लेखात दृष्टी विकणाऱ्याकडे वळते, पण तो पानवाला ग्राहकाच्या कौतुकाचा विषय होऊन येतो. त्याच्या दुकानाची जागा उद्या राहील की नाही, ही विवंचना त्या प्रसन्न लेखनाच्या कक्षेत येत नाही. विनोदी ललित लेखाकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. मात्र पुढील काळात रस्त्यावरच्या खाण्यावर जे विपुल लेखन वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून झाले, त्याने पु. लं.ची रसिकता उचलली आणि तिच्या मर्यादेलाच नियम बनवले. अमुक ठिकाणची भेळ, तमुक ठिकाणचा वडा, अशी यादी म्हणजेच खाद्यलेखन, असा समज रूढ झाला.

या पार्श्वभूमीवर अरुण कोलटकर यांच्या ‘काला घोडा पोएम्स’ या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी संग्रहातील न्याहारीविषयीची दीर्घ कविता वेगळी उठून दिसते. तीत दक्षिण मुंबईतील काळा घोडा परिसरातील एका वाहतूक बेटावर सकाळी इडल्या घेऊन एक बाई येते आणि तिच्याभोवती पदपथावर राहणारी, शहराने नजरेआड केलेली माणसे जमतात. काही काळ तेथे एक उपाहारगृहच उभे राहते आणि इडल्या संपताच ते विरून जाते. कोलटकरांनी त्या बाईला अन्नपूर्णेच्या रूपात पाहिले आहे. या कवितेचे श्रेष्ठत्व तिच्या करुणेपेक्षा तिच्या नेमकेपणात आहे. रस्त्यावरचे उपाहारगृह ही इमारत नसून एक घटना आहे आणि ती घडवून आणणारी व्यक्ती विकणारी आहे, हे सत्य तेथे स्वच्छपणे व्यक्त होते. खाणारे येतात ते ती आली म्हणून.

या अन्नपूर्णेला वास्तवातही नाव आहे. गिरणगावातील खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्या स्त्रियांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. घरात शिजवणाऱ्या हाताला सार्वजनिक आर्थिक ओळख मिळाली. उपनगरांतील पोळीभाजी केंद्रे आणि सकाळी पोहे-उपम्याचे डबे घेऊन उभ्या राहणाऱ्या स्त्रिया याच वाटेने पुढे आलेल्या आहेत. मराठी समीक्षेने त्यांची दखल अद्याप पुरेशी घेतलेली नाही.

आस्वादाचे स्वरूप

रस्त्यावरच्या खाण्याचा आनंद नेमका कशात असतो, याचे उत्तर पदार्थाच्या घडणीतच शोधावे लागते. भेळ कालवल्यापासून काही मिनिटांत कुरमुरे चटणीचे पाणी शोषून मऊ पडतात. पाणीपुरीची पुरी पाण्याने भरल्यावर तिचे आयुष्य काही क्षणांचे असते. वडा कढईतून निघाल्यावर त्याचे बेसनाचे कवच लवकरच सैल होते. म्हणजे हे पदार्थ स्वभावतः घरी नेण्याजोगे नाहीत. ते करणाऱ्याच्या समोर, त्याच वेळी खावे लागतात. त्यामुळे करणारा आणि खाणारा यांच्यात काही क्षणांचा थेट संबंध निर्माण होतो. ‘तिखट कमी’, ‘कांदा जास्त’, ‘शेवटी एक सुकी पुरी’ अशा सूचना देत ग्राहक पदार्थाच्या निर्मितीत सहभागी होतो. उपाहारगृहात स्वयंपाकघर भिंतीआड असते, येथे ते डोळ्यांसमोर असते. या उघडेपणातून विश्वासही निर्माण होतो आणि अस्वच्छतेची शंकाही.

पाण्याचा काठ या आस्वादात आणखी एका गोष्टीची भर घालतो. ती म्हणजे थांबणे. स्थानकाबाहेर वडापाव खाणारा माणूस घड्याळाकडे पाहत खातो. जुहूच्या वाळूत बसून भेळ खाणारे कुटुंब क्षितिजाकडे पाहत खाते. पदार्थ तोच, दरही फारसा वेगळा नाही. परंतु पहिल्या ठिकाणी खाणे ही दोन प्रवासांमधील सोय असते, दुसऱ्या ठिकाणी ते स्वतःच प्रयोजन असते. छोट्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांसाठी, तसेच एकांत दुर्मीळ असलेल्या तरुण जोडप्यांसाठी हा काठ म्हणजे घराचा विस्तारच होय. उपनगरांच्या नद्या हरवल्या तेव्हा केवळ जलस्रोत हरवले नाहीत, थांबण्याच्या जागाही हरवल्या. ज्याला जुहूपर्यंत जाण्याचा वेळ आणि प्रवासखर्च परवडत नाही, त्याच्या वाट्याला थांबण्याशिवायचे खाणे तेवढे आले.

कायद्याच्या नजरेतील शेगडी

हा आस्वाद ज्यांच्या श्रमावर उभा आहे त्यांचे स्थान मात्र सतत अस्थिर राहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या बॉम्बे हॉकर्स युनियन प्रकरणात फेरीवाला क्षेत्रे आखण्याचा मार्ग दाखवला, तर १९८९ च्या सोदान सिंग प्रकरणात रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग असल्याचे, वाजवी निर्बंधांसह, मान्य केले. महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात २००३ साली घातलेल्या अटींमध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांपासून १०० मीटर अंतराचे बंधन होते. तसेच रस्त्यावर अन्न शिजवण्यास मनाई होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर अंतराच्या या बंधनाचा मुंबई उच्च न्यायालयाने पुनरुच्चार केला.

या अटींमागील सुरक्षिततेची चिंता गंभीर आहे. अरुंद पदपथावर उकळत्या तेलाची कढई धोकादायकच असते. परंतु सांस्कृतिक दृष्टीने पाहता यात एक अंतर्विरोध आहे. विक्रीला मान्यता आणि विस्तवाला मनाई, अशी ही रचना आहे. ज्या पदार्थांचा प्राण समोर शिजण्यात आहे, त्यांच्यासाठी ही अट व्यवसायच नाकारणारी ठरते. दुसरा अंतर्विरोध अंतराचा. उपनगरात गिऱ्हाईक स्थानकाबाहेरच असते आणि स्थानकाबाहेरच विक्रेत्याला बंदी असते. परिणामी नियम मोडणे ही त्याच्या व्यवसायाची पूर्वअट बनते आणि नियम मोडणारा माणूस कारवाईच्या गाडीला, तसेच हप्त्याच्या मागणीला, कायमचा भिऊन राहतो.

पथविक्रेत्यांची उपजीविका संरक्षण करणारा कायदा संसदेने २०१४ साली केला. त्यानुसार सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती अपेक्षित आहे. मुंबईत त्याच वर्षीच्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि छाननीनंतर सुमारे ३२ हजार विक्रेते पात्र ठरले. समितीच्या निवडणुकीचे मतदान २०२४ साल उजाडेपर्यंत होऊ शकले नाही. दहा वर्षांचा हा कालावधी पुरेसा बोलका आहे. शहर ज्याच्या हातचे रोज खाते, त्याचे नाव नोंदवण्यास ते इतका वेळ घेते.

सुशोभित काठ आणि त्यावरील माणूस

अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटने देशातील नगर नियोजनापुढे एक नमुना ठेवला. तेथे जुन्या गुजरी बाजाराची मांडणीही या प्रकल्पात नव्याने करण्यात आली. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि मुंबईतही उपनगरांतील नद्यांचे सांडपाणी अडवून, ते शुद्ध करून काठ विकसित करण्याच्या योजना महानगरपालिकेने आखल्या. नदी स्वच्छ होणे ही सर्वांना हवीशी गोष्ट आहे आणि बोरिवली-दहिसर परिसरातील नागरिकांनी नद्यांसाठी केलेल्या जागृतीचे महत्त्वही मोठे आहे.

तथापि, अशा योजनांची संकल्पचित्रे बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत फरसबंदी, दिवे, सायकल मार्ग, चालणारी तुरळक माणसे असतात. भेळेची गाडी नसते. खाद्यपदार्थ दाखवलेच तर ते काचेच्या दुकानात, भाडे परवडणाऱ्या विक्रेत्याकडे असतात. काठावरच्या झोपडीतील माणूस पुनर्वसनाच्या यादीत जातो, गाडीवाला अतिक्रमणाच्या यादीत. नदी स्वच्छ करताना काठ मनुष्यविरहित करण्याची ही वृत्ती सौंदर्याच्या एका विशिष्ट कल्पनेतून येते. त्या कल्पनेनुसार काठ पाहावयाचा असतो, वापरावयाचा नसतो.

याचा अर्थ रस्त्यावरील खाण्याचे सर्व दोष पाठीशी घालावेत असा होत नाही. पाण्याची शुद्धता, तेलाचा पुनर्वापर, कचरा, वृत्तपत्राच्या शाईचा अन्नाशी संपर्क हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांचा पहिला फटका स्वस्त अन्नावर अवलंबून असणाऱ्या गरिबालाच बसतो. परंतु यांतील बहुतेक दोषांचे मूळ विक्रेत्याच्या अस्थिरतेत आहे. ज्याला आपली जागा उद्या असेल याची खात्री नाही, तो नळजोडणी मागू शकत नाही, मोरी बांधू शकत नाही आणि चांगल्या भांड्यांत पैसा गुंतवू शकत नाही. स्वच्छतेच्या नावाखाली त्याला हुसकावणे म्हणजे कारण कायम ठेवून परिणामावर दंड आकारणे होय. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्ये लहान विक्रेत्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. जागेची हमी, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कचऱ्याची व्यवस्था या तीन गोष्टी तिला जोडल्या, तर स्वच्छता आणि उपजीविका यांतील विरोध बराच सौम्य होऊ शकतो.

समारोप

मुंबई उपनगरांतील रस्त्यावरचे खाणे ही नदीकाठ हरवलेल्या समाजाने निर्माण केलेली पर्यायी सार्वजनिक जागा आहे. पंढरीच्या वाळवंटातील काला, महाडच्या तळ्याकाठचा संघर्ष आणि स्थानकाबाहेरचा वडापाव या भिन्न काळांतील आणि भिन्न मोलाच्या घटना आहेत. परंतु कोणासोबत खावे आणि पाण्याचा काठ कोणाचा, हे प्रश्न त्यांना एका सूत्रात गोवतात. मराठी खाद्यलेखनाने आजवर खाणाऱ्याच्या रसिकतेला न्याय दिला. विकणाऱ्याच्या हाताला न्याय देण्याचे काम कोलटकरांसारख्या अपवादांवर सोडले गेले. या लेखनाची समीक्षा करताना चवीच्या वर्णनाबरोबरच त्यातील दृष्टी कोणाच्या बाजूने उभी आहे, ही कसोटीही लावावी लागेल.

तीच कसोटी नदीकाठच्या योजनांनाही लागू पडते. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी यांचे पाणी उद्या स्वच्छ झाले, तर त्यांच्या काठी चौपाटी वसेल काय आणि तेथे शेगडी पेटवण्याचा अधिकार कोणाला असेल, यावरून त्या काठाचे सार्वजनिकत्व ठरेल. चार पाटांवरून नाव मिळालेल्या शब्दात चार नद्यांचे पाणी पुन्हा येणे शक्य आहे. मात्र त्यासाठी काठाच्या आराखड्यात भेळवाल्याची जागा भिंत बांधण्यापूर्वीच आखलेली असली पाहिजे.